एकवीस दिवसांचा हिशेब

‘कोणतीही सवय एकवीस दिवसांत जडते’ हे वाक्य शाळांच्या फळ्यांवर आणि युवक शिबिरांत आज निःशंकपणे वावरते आहे. ते प्रथम कोणी व कशाच्या आधारे म्हटले, असे विद्यार्थ्याने विचारावे, एवढीच आमची अपेक्षा. तसे विचारणे हा उद्धटपणा नव्हे, हे आधी शिक्षकांनी मान्य करावयास हवे.

मूळ शोधू जाता आपण मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकन प्लॅस्टिक सर्जनच्या ‘सायको-सायबरनेटिक्स’ (१९६०) या ग्रंथापाशी येतो. शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला आपला नवा चेहरा आपलासा वाटण्यास किमान सुमारे २१ दिवस लागतात, असे त्यांचे निरीक्षण होते. त्यात सवयींचा प्रयोग कोठेच नाही. ‘किमान’ आणि ‘सुमारे’ हे शब्द मात्र आहेत. पुढच्या व्याख्यात्यांनी तेच गाळले. ग्रंथकारापेक्षा या उचलेगिरीचा दोष आम्हांस मोठा वाटतो.

सवयींचा खरा अभ्यास लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली व सहकाऱ्यांनी केला. तो २०१० साली छापून आला. ९६ जणांनी रोज ठरावीक वेळी एक नवी कृती करून १२ आठवडे नोंदी ठेवल्या. कृती अंगवळणी पडण्यास लागलेल्या दिवसांचा मध्यक ६६ निघाला. कोणाला १८ पुरले, तर कोणासाठी हिशेब २५४ वर गेला. मात्र पाहणीच ८४ दिवसांची होती, म्हणजे २५४ हा आकडा मोजलेला नव्हे, गणिताने पुढे नेलेला. शिवाय ज्यांच्या नोंदी त्या गणितात नीट बसल्या, ते अवघे ३९. तेव्हा फळ्यावरचे २१ पुसून तेथे ६६ लिहिणाऱ्यानेही काही शिकविले असे होत नाही. (आपल्या उपवासकाळाला चाळीस दिवस आहेत खरे, पण ते सवय जडण्याची मुदत म्हणून नव्हेत!)

हा केवळ आकड्यांचा वाद नव्हे. दहावीचा मुलगा पहाटे उठून अभ्यास करण्याचा निश्चय करतो, एक दिवस चुकतो, पुन्हा एकपासून मोजू लागतो आणि बाविसाव्या दिवशीही उठवत नाही म्हणून स्वतःलाच नालायक ठरवितो. वास्तविक, एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडत नाही, हेही त्याच अभ्यासात आढळले होते; पण ते त्याला कोणी सांगत नाही.

माल्ट्झ यांचे ते पान आणि फळ्यावरचे वाक्य आठवीच्या वर्गापुढे शेजारी शेजारी ठेवावे. गळलेले दोन शब्द मुले पाच मिनिटांत शोधून काढतील.