इंग्लंडमधील ‘ए-लेव्हल’ इतिहास : १४८५ या सीमारेषेची चिकित्सा

प्रस्तावना :
इंग्लंडमध्ये १६ ते १८ या वयोगटाच्या शिक्षणास ‘सिक्स्थ फॉर्म’ म्हणतात. महाराष्ट्रातील कनिष्ठ महाविद्यालयाशी त्याचे साम्य असले, तरी तेथे विद्यार्थी बहुधा तीनच विषय निवडतो आणि दोन वर्षांच्या अभ्यासानंतर ‘ए-लेव्हल’ परीक्षेस बसतो. या स्तरावर मध्ययुग व प्रारंभिक आधुनिक कालखंड यांचा संबंध कसा हाताळला जातो, याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

अभ्यासक्रमाचे स्वरूप :
२०१५ पासून अध्यापनात आलेल्या निकषांनुसार किमान २०० वर्षांच्या कालपटावरील विषय, एकाहून अधिक देशांचा इतिहास आणि किमान २० टक्के ब्रिटिश इतिहास अनिवार्य आहे. ‘एक्यूए’ या परीक्षा मंडळाच्या योजनेत अडीच तासांच्या दोन प्रश्नपत्रिकांना प्रत्येकी ४० टक्के, तर ३,५०० ते ४,५०० शब्दांच्या लघुप्रबंधास २० टक्के भार आहे. पहिल्या प्रश्नपत्रिकेत इतिहासकारांच्या तीन उताऱ्यांतील युक्तिवाद कितपत पटण्याजोगे आहेत हे ठरवावे लागते. दुसरीत मूळ साधनांचे मूल्यमापन करावे लागते. पाठांतरापेक्षा विवेचनास दिलेले हे प्राधान्य निःसंशय स्वागतार्ह आहे.

अंतर आणि सातत्य :
तथापि २०० वर्षांच्या अटीत एक मूलभूत उणीव आहे. ती दोन टोकांमधील अंतर मोजते, सातत्य नव्हे. ‘ट्यूडर : इंग्लंड १४८५–१६०३’ आणि ‘रशिया १९१७–१९५३’ हे विषय एकत्र घेतल्यास अट सहज पूर्ण होते, पण मधल्या तीन शतकांचा परिचय झालाच तर लघुप्रबंधापुरता होतो, आणि १४८५ पूर्वीचा काळ केवळ पार्श्वभूमी म्हणून उरतो. ‘गुलाबांची युद्धे १४५०–१४९९’ हा पर्याय उपलब्ध आहे. मात्र दोन प्रश्नपत्रिकांपैकी एक ब्रिटिश व दुसरी ब्रिटनबाहेरील विषयाची असावी, या नियमामुळे तो ट्यूडर विषयाबरोबर घेता येत नाही. विद्यार्थी स्वदेशापुरता मर्यादित राहू नये, हा या नियमाचा हेतू योग्यच आहे. परंतु त्यामुळे परस्परांस लागून असलेले दोन कालखंड एकमेकांस पारखे होतात.

परिणाम :
बॉसवर्थच्या लढाईने १४८५ मध्ये राजघराणे बदलले. राज्यकारभार त्या दिवशी बदलला नाही. एक्स्चेकर या जुन्या खात्याऐवजी राजाच्या खासगी दालनातून महसुलाची व्यवस्था पाहण्याची सातव्या हेन्रीची पद्धत चौथ्या एडवर्डच्या काळातच आकारास आली होती. ‘नवी राजसत्ता’ ही संज्ञा रूढ करणाऱ्या जे. आर. ग्रीन यांनीही १८७४ च्या आपल्या ग्रंथात तिचा आरंभ १४७१ पासून मानला होता. हे ठाऊक नसलेला विद्यार्थी सातव्या हेन्रीच्या कारभारातील नावीन्य कशाच्या आधारे ठरविणार?

धर्मसुधारणेबाबत हा प्रश्न अधिक गंभीर होतो. ए. जी. डिकन्स यांनी १९६४ मध्ये प्रोटेस्टंट मतांच्या लोकप्रसारावर भर दिला, तर एमन डफी यांनी १९९२ मध्ये उत्तर मध्ययुगीन पारंपरिक धर्मजीवन सशक्त होते असे प्रतिपादन केले. या वादाचा कणा १५२९ पूर्वीच्या ग्रामीण धर्मजीवनात आहे. ते न अभ्यासता त्यावर मत मागणे म्हणजे साक्षीपुरावा न पाहता निवाडा द्यावयास लावणे होय. अशा वेळी विवेचनाची जागा उताऱ्यांतील वाक्ये जुळविण्याचे तंत्र घेते. ज्या गुणासाठी अभ्यासक्रमाची प्रशंसा करावी, तोच गुण येथे पोकळ ठरण्याचा धोका आहे.

एक पर्याय :
दोन वर्षांत सर्व कालखंड शिकविणे शक्य नाही, हा आक्षेप रास्त आहे. तथापि सीमारेषा ओलांडणारे एखादे साधन लघुप्रबंधात वापरता येईल. डेव्हन परगण्यातील मोअरबाथ या खेड्यात क्रिस्टोफर ट्रायके हे १५२० ते १५७४ पर्यंत धर्मगुरू होते. त्यांच्या हातच्या चर्चच्या जमाखर्चात संतमूर्तींपुढील दिव्यांसाठीचे निधी दिसतात, पुढे त्या व्यवस्थेचा अंत दिसतो, मेरीच्या राजवटीतील पुनःस्थापना व एलिझाबेथच्या काळातील पुनश्च बदलही दिसतो. डफी यांनी २००१ मध्ये या नोंदींवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. एकाच गावाचा जमाखर्च वाचताना ‘मध्ययुग’ नेमके कोणत्या दिवशी संपले, हे सांगता येत नाही. आणि तेच विद्यार्थ्यास कळणे अगत्याचे आहे.

समारोप :
कालखंडांची नावे अध्यापनाच्या सोयीसाठी असतात. सोयीलाच वस्तुस्थिती मानले की इतिहासाची आकलनशक्ती खुंटते. सतराव्या शतकातील मराठा सत्तेचा अभ्यास महाराष्ट्रात बहुधा ‘मध्ययुगीन भारत’ या शीर्षकाखाली होतो, तर समकालीन इंग्लंडला ‘प्रारंभिक आधुनिक’ म्हटले जाते. त्यामुळे ‘ए-लेव्हल’ची ही चिकित्सा येथील अध्यापकांनाही स्वतःच्या सीमारेषा तपासण्यास प्रवृत्त करणारी ठरावी.