लेस्टर सिटीचे प्रतिआक्रमण : एका क्रीडाशैलीची चिकित्सा

फुटबॉलच्या समीक्षेत चेंडूवरील ताबा हा श्रेष्ठत्वाचा निकष मानण्याची प्रवृत्ती २००८ ते २०१२ या काळातील बार्सिलोना व स्पेन यांच्या यशानंतर अधिकच दृढ झाली. परिणामी, चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या स्वाधीन करून संधीची प्रतीक्षा करणारा संघ दुर्बळ, प्रसंगी नकारात्मकही ठरविला जातो. २०१५-१६ च्या इंग्लिश प्रीमियर लीगमधील विजेत्या लेस्टर सिटीच्या खेळाचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे, तो या समजुतीच्या संदर्भात.

आदल्या हंगामात १४ व्या स्थानी राहिलेल्या या संघाच्या विजेतेपदास सट्टेबाजांनी ५००० ला १ असा भाव दिला होता. प्रत्यक्षात त्याने ८१ गुण मिळविले, ३८ पैकी केवळ ३ सामने गमावले आणि दुसऱ्या क्रमांकावरील आर्सेनलला १० गुणांनी मागे टाकले. यास चमत्कार म्हणण्याचा मोह बहुतेकांना झाला. मात्र चमत्कार म्हटले की चिकित्सा थांबते.

क्लाउडिओ रानिएरी यांची ४-४-२ ही रचना जुन्या वळणाचीच होती. चेंडूवरील ताबा आणि पासची अचूकता या दोन्ही बाबतींत लेस्टर लीगमधील तळाच्या संघांत मोडत असे. परंतु चेंडू कोठे हिरावून घ्यावयाचा आणि त्यानंतरचा पहिला पास कोणत्या दिशेने जावयाचा, हे आधीच ठरलेले असे. एन्गोलो कान्ते याने त्या हंगामात लीगमध्ये सर्वाधिक वेळा प्रतिस्पर्ध्यांकडून चेंडू हिरावला. त्याच्या शेजारील डॅनी ड्रिंकवॉटर लांब पास देई, उजवीकडून रियाद महरेझ आत शिरे आणि जेमी वार्डी बचावफळीच्या पाठीमागील मोकळ्या जागेत धावे. शिंजी ओकाझाकी नावाला आघाडीवीर, पण चेंडू गमावताच तो मधल्या फळीत उतरत असे.

२८ नोव्हेंबर २०१५ रोजी मँचेस्टर युनायटेडविरुद्ध झालेला गोल या पद्धतीचा आदर्श नमुना होय. युनायटेडचा कॉर्नर गोलरक्षक कॅस्पर श्मायकेलने झेलला व तत्काळ ख्रिस्तियान फुक्सकडे फेकला. फुक्स चेंडू घेऊन धावला आणि त्याच्या पासवर वार्डीने सलग अकराव्या लीग सामन्यात गोल केला. प्रतिस्पर्ध्याचा आक्रमणाचा क्षण हाच त्याच्या दुर्बलतेचा क्षण ठरला. मराठी वाचकास येथे ‘गनिमी कावा’ हा शब्द सुचणे स्वाभाविक आहे. तथापि तो पूर्णतः लागू पडत नाही. गनिमी काव्याचा प्राण अनपेक्षितता हा असतो. वार्डी कोठे धावणार, हे मात्र तोपर्यंत सर्वांस ठाऊक झाले होते. ठाऊक असूनही त्यास रोखता येत नव्हते.

येथवरचे विवेचन परिचित आहे. मला अधिक महत्त्वाचा वाटतो तो हंगामाच्या ओघात घडलेला बदल. पहिल्या ९ सामन्यांत लेस्टरने १९ गोल केले आणि १७ स्वीकारले. हे प्रतिआक्रमण नेत्रदीपक होते, पण त्यामागे बचावाचे अधिष्ठान नव्हते. सप्टेंबरमध्ये आर्सेनलने ५-२ असे नमविल्यावर रानिएरी यांनी दोन्ही बाजूंचे बचावपटू बदलून फुक्स व डॅनी सिम्पसन यांना स्थान दिले. अखेरच्या २९ सामन्यांत संघाने केवळ १९ गोल स्वीकारले. मार्च ते एप्रिल २०१६ दरम्यान वॅटफर्ड, न्यूकॅसल, क्रिस्टल पॅलेस आणि साउदॅम्प्टन यांच्यावर लागोपाठ १-० असे विजय मिळाले. त्यांपैकी एकही गोल वार्डीचा नव्हता. तरीही या विजयांत त्याचा वाटा होता, असे माझे मत आहे. त्याच्या धावेच्या धास्तीने प्रतिस्पर्धी बचावपटू पुढे येण्यास कचरत आणि त्यांच्या आक्रमणात माणसे कमी पडत. येथे प्रतिआक्रमण प्रत्यक्ष न घडताही परिणाम साधते. ताब्याच्या टक्केवारीत अशा परिणामाची नोंद होत नाही.

अर्थात सर्व श्रेय या शैलीस देणेही एकांगी ठरेल. फेब्रुवारीत मँचेस्टर सिटीला त्यांच्याच मैदानावर ३-१ असे हरविताना महरेझचा गोल कान्तेने हिरावलेल्या चेंडूतून झाला. परंतु रॉबर्ट हुथचे उर्वरित दोन्ही गोल फ्री किक व कॉर्नरवरील होते. शिवाय वार्डीचे २४ आणि महरेझचे १७ मिळून ४१ गोल, म्हणजे संघाच्या ६८ गोलांपैकी निम्म्याहून अधिक, दोघांवर अवलंबून होते.

या शैलीची मर्यादा पुढील हंगामात उघड झाली. विजेत्या संघापुढे मोकळी जागा सोडून खेळण्यास प्रतिस्पर्धी आता तयार नव्हते. ते मागे थांबू लागले आणि चेंडू लेस्टरकडेच राहू लागला. त्याचे काय करावयाचे, हे या संघास उमगले नाही. फेब्रुवारी २०१७ मध्ये रानिएरी यांना पदावरून दूर करण्यात आले, संघ १२ व्या स्थानी राहिला. कान्ते तोवर चेल्सीकडे गेला होता आणि त्या वर्षीचे विजेतेपद चेल्सीने मिळविले.