यमाची सत्ता किती?

धनत्रयोदशीच्या संध्याकाळी पैठणच्या जुन्या गल्ल्यांतून गोदावरीकडे उतरू लागले, की एखाद्या उंबरठ्याबाहेर कणकेचा दिवा तेवताना दिसतो. एरवी दक्षिणेकडे तोंड करून दिवा ठेवलेला घरातल्या वडीलधाऱ्यांना खपत नाही. त्या एका संध्याकाळी मात्र तो मुद्दाम तसाच ठेवतात. सणाच्या पहिल्या तेलातला वाटा यमाचा. पुढे चार दिवसांनी हाच यम यमुनेकडे, म्हणजे बहिणीकडे, जेवायला जातो आणि त्या दिवशी नरकातल्या जिवांनाही सुटी मिळते, असे आपण भाऊबिजेला सांगतो. ग्रीकांच्या पाताळाचा राजा हेडीस ह्यालाही बहिणी होत्या. पण त्यांतल्या एकीची, डिमीटरची, मुलगीच त्याने पळवून नेली. तेव्हा ओवाळणीचा प्रश्न उरला नाही.

ह्या दोन राजांची तुलना करण्याची बुद्धी मला एका विद्यार्थ्यामुळे झाली. वर्गात सावित्रीची गोष्ट सांगत होतो. आपण सारे सांगतो तशीच सांगितली : सावित्री चतुर, यम भोळा, तिने शंभर पुत्रांचा वर मागून त्याला शब्दांत पकडले. मुले हसली. तास संपल्यावर एक मुलगा टेबलापाशी घोटाळत राहिला. त्याचे वडील त्याच पावसाळ्यात गेले होते. त्याने विचारले, "सर, माझी आई तेव्हा नीट बोलली नसेल का?"

त्या दिवशी मला उत्तर देता आले नाही. त्यानंतर मी मूळ ग्रंथांकडे वळलो. ग्रीक मला येत नाही, संस्कृतही कोशाच्या कुबड्या घेऊनच. तरी जे वाचले त्यावरून एक मत बनले आहे, ते मांडतो.

हेडीसची सत्ता स्वच्छ आखलेली आहे. तीन भावांनी चिठ्ठ्या टाकल्या. झ्यूसला आकाश, पोसायडनला समुद्र आणि ह्याला खालचा अंधार मिळाला. एकाक्ष सायक्लोप्सांनी घडवलेले त्याचे शिरस्त्राण घातले, की माणूस दिसेनासा होतो. त्याच्या नावाचा अर्थही ग्रीकांनी 'न दिसणारा' असाच लावला. भुईच्या पोटातली सारी संपत्ती त्याची, म्हणून 'प्लूटोन', म्हणजे धनवान, हे त्याचे दुसरे नाव. दारात केर्बेरस नावाचा कुत्रा. तो आत येणाऱ्याला अडवत नाही, बाहेर जाणाऱ्याला सोडत नाही. मात्र जीव आणायला हेडीस स्वतः जात नाही आणि न्यायनिवाडाही मिनॉस वगैरे मंडळींवर सोपवतो. त्याचे खरे सामर्थ्य एकच : तो ऐकत नाही. होमरच्या 'इलियड'मधला एक राजा म्हणतो, की तो वळत नाही म्हणूनच माणसांना सगळ्या देवांत त्याचा तिटकारा अधिक. ऑर्फियसच्या गाण्याने तो एकदा वळला, तोही अट घालून. आणि त्या अटीपायी युरिडिसी पुन्हा गेली.

आपला यम चिठ्ठीने राजा झालेला नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात तो पहिला मेलेला मर्त्य आहे. त्या वाटेने आधी कोणी गेले नव्हते. तो गेला, त्याने वाट शोधली, म्हणून मागून येणाऱ्यांचा तो राजा. कुत्रे त्याच्याकडेही आहेत, दोन, चार-चार डोळ्यांचे. पण ते त्या वाटेचे राखणदार आहेत. हा फरक मला फार मोठा वाटतो. हेडीसला मरण म्हणजे काय हे ठाऊक असण्याचे कारण नाही. यमाला ते ठाऊक आहे.

म्हणूनच तो ऐकतो. नचिकेता तीन रात्री दारात उपाशी राहिला, तर मृत्यूचा हा देव पाहुण्याची क्षमा मागतो. मांडव्य ऋषीने तर त्याला जाबच विचारला. न केलेल्या चोरीसाठी राजाने त्याला सुळावर चढवले होते. असे का, म्हणून विचारता यमाने सांगितले, की लहानपणी तू किड्यांना गवताची काडी टोचलीस, त्याचे हे फळ. मांडव्याने यमालाच शाप दिला, तू शूद्र स्त्रीच्या पोटी जन्म घेशील. आणि नियम घातला, की चौदा वर्षांपर्यंत मुलाच्या हातून घडलेले पाप धरायचे नाही. यम विदुर होऊन जन्माला आला. शिक्षकाच्या पेशात असल्यामुळे मला ही गोष्ट महाभारतातल्या कित्येक युद्धांहून मोलाची वाटते.

आता सावित्री. वनपर्वात यम सत्यवानासाठी दूत पाठवीत नाही, स्वतः येतो. अशा गुणी माणसाला दूतांनी न्यावे हे त्याला योग्य वाटत नाही. सावित्री मागून चालते आणि बोलते ते धर्माविषयी, सज्जनांच्या संगतीविषयी. प्रत्येक बोलण्यानंतर यम म्हणतो, की तुझे शब्द गोड आहेत, वर माग. शंभर पुत्रांचा पेच आहे, नाही असे नाही. परंतु तेथवर येईपर्यंत हा श्रोता पुरता जिंकला गेलेला असतो, आणि त्यानंतरच सत्यवान सुटतो. तो फसलेला नाही. त्याने ऐकले आहे. आमच्या जत्रेतल्या नाटकांनी आणि वर्गातल्या माझ्यासारख्यांनी ह्या श्रोत्याला झुपकेदार मिशा लावल्या, हातात गदा दिली आणि रेड्यावरून पाडून हशा मिळवला. हशाला माझी हरकत नाही. पण यम इतका सोपा केला, की ज्यांचे माणूस परत येत नाही त्यांच्यावर कमी पडल्याचा आळ येतो. त्या मुलाने नेमके तेच ऐकले होते.

पैठणला तर यमाची सत्ता कोणी फारशी मानलेली दिसत नाही. ज्ञानदेवांनी शुद्धिपत्रासाठी येऊन नागघाटावर ज्याच्या तोंडून वेद बोलवले तो प्राणी रेडाच होता. हा यमाचा रेडा असे कथा म्हणत नाही आणि मीही ओढूनताणून म्हणणार नाही. मुले मात्र हटकून विचारतात. एकनाथांनी श्राद्धाचे अन्न दारावरून जाणाऱ्या भुकेल्या महारांना वाढले, ब्राह्मण रुसले, तेव्हा पितर स्वतः उतरून पानांवर बसले, ही कथा महाराष्ट्राला पाठ आहे. पितर आले ते कोणाच्या परवानगीने? कथा यमाचे नावही घेत नाही. हेडीसच्या राज्यात एवढी मंडळी दाराबाहेर पडती, तर केर्बेरसची धडगत नव्हती.

मात्र ह्यावरून संतांनी मरण खोटे ठरवले असे कोणी समजू नये. नामापुढे यम हतबल, असे ते शंभर वेळा म्हणतात; पण 1599 साली फाल्गुन वद्य षष्ठीला नाथांनी इथेच गोदावरीत देह ठेवला. त्यांनी सूट मागितली नाही. 'भावार्थ रामायण' तेव्हा युद्धकांडाच्या चव्वेचाळीस अध्यायांपर्यंत आले होते. पुढचे काम गावबा नावाच्या शिष्याने केले. परंपरा त्याला वेडाबागडा म्हणते, आणि अशा माणसाच्या हाती नाथांनी पोथी सोपवली हे अनेकांना रुचले नव्हते.

इथे मला अ‍ॅरिस्टोफेनिसचे 'बेडूक' हे नाटक आठवते. इसवी सनापूर्वी 405 साली अथेन्समध्ये ते रंगले. चांगले कवी उरले नाहीत म्हणून डायोनिसस देव पाताळात जातो. तिथे एस्किलस आणि युरिपिडीस ह्यांचा वाद लागतो, आणि शेवटी प्लूटो, म्हणजे आपला न वळणारा हेडीस, एस्किलसला वर जाऊ देतो. थट्टा आहे, पण तळमळीची. अथेन्सला कवी परत हवा होता. पैठणने नाथ परत मागितले नाहीत. अर्धी पोथी तेवढी पुढे चालवली. ग्रीकांची कल्पना अधिक नाट्यमय हे कबूल करूनही मला गावबाच जवळचा वाटतो. त्याच्या ओव्या नाथांच्या तोलाच्या नसतील. पण जाणाऱ्याची लेखणी उचलायला यमाकडे अर्ज करावा लागत नाही, हे त्याला कळले होते.

त्या मुलाला मी पुढे वनपर्वातली गोष्ट पुन्हा सांगितली, ह्या वेळी मिशा वगळून. तुझ्या आईने बोलण्यात काही चूक केली नाही, हेही सांगितले. त्याने थोडा वेळ विचार केला आणि मांडव्याच्या नियमात चौदावे वर्ष धरायचे की सोडायचे, असे विचारले. तो तेरा वर्षांचा आहे.