पाण्याखालचे शौर्य

नळदुर्गच्या पाणीमहालात सहल नेली होती. बोरी नदीच्या बंधाऱ्याच्या पोटातली ती खोली आणि समोर कोसळणारे पाणी. सातवीतल्या एका मुलाने दखनीत विचारले, “सर, पनडुब्बी में ऐसाच लगता क्या?” त्याने ‘द गाझी अटॅक’ पाहिला होता. पुढचा प्रश्न अवघड होता : त्यातले गाझीवाले सारखे चिडलेलेच का असतात?

संकल्प रेड्डी यांचा हा चित्रपट २०१७ चा. डिसेंबर १९७१ मध्ये विशाखापट्टणमजवळ पाकिस्तानची ‘गाझी’ बुडाली. आतल्या नव्वदहून अधिक माणसांपैकी एकही वाचला नाही. ‘राजपूत’ या युद्धनौकेने ती बुडवली, असे आपले नौदल सांगते. पाकिस्तान अपघाती स्फोट मानतो. चित्रपटात भारतीय पाणबुडीच तिच्याशी झुंजते. कथेला एवढी मोकळीक असावी. माझी तक्रार शौर्याच्या कल्पनेबद्दल आहे. पाणबुडीत जीव वाचतो तो गप्प राहण्याने. हातातून पाना पडला तरी शत्रूला चाहूल लागते. इथे शत्रूला डिवचायला राष्ट्रगीत गातात! प्रेक्षकाला गहिवर येतो, पण पाणबुडी नाहीशी होते. आणि पाकिस्तानी कप्तानाच्या वाट्याला फक्त संताप. त्या बाजूच्या लोकांची नावे आमच्या हजेरीपटावरच्या नावांसारखी आहेत, म्हणून माझ्या वर्गात हा प्रश्न नुसता कलेचा राहत नाही.

याउलट बुखहाइमची जर्मन कादंबरी ‘दास बोट’ (१९७३). लेखक स्वतः १९४१ मध्ये युद्धवार्ताहर म्हणून ‘यू-९६’ पाणबुडीवर होता. कादंबरीत पाने उलटतात तरी काही घडत नाही : कुबट अंथरुणे, बुरशी धरलेला पाव, कंटाळा. मग जिब्राल्टरपाशी बोट तळाला जाऊन बसते आणि माणसे हवा विरत असताना मुकाट्याने दुरुस्ती करत राहतात. हिटलरच्या फौजेतली ही माणसे. तरी त्यांचा श्वास कोंडला की आपलाही कोंडतो. लेखक त्यांच्या युद्धाची तरफदारी कुठेच करत नाही. मला ही कादंबरी मोठी वाटते ती यामुळे.

आपल्याकडे अशा कथेचा ऐवज नाही असे नाही. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवजवळ ‘हंगोर’ पाणबुडीने आपली ‘खुकरी’ बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी आपले जीवरक्षक जाकीट दुसऱ्याला दिले आणि ते जहाजाबरोबर गेले; त्यांना मरणोत्तर महावीरचक्र मिळाले. ही कथा मराठीत कुणी लिहिली, तर ‘हंगोर’च्या आत ताटकळणारी माणसेही तिच्यात असावीत. मला ती वर्गात वाचून दाखवायची आहे.