मृत्युशय्या, संगमरवर आणि एक पितळी दिवा : तंजावरच्या श्वार्ट्झ स्मारकाचे वाचन

परदेशात गेलेल्या ख्रिस्ती मिशनऱ्यांचा इतिहास शिकताना आपण पत्रे, अहवाल आणि चरित्रे वाचतो. या पाठात आपण एक शिल्प वाचणार आहोत. ते तंजावरला शिवगंगा किल्ल्यातील चर्चमध्ये आहे. इंग्रज शिल्पकार जॉन फ्लॅक्समन याने ते संगमरवरात कोरले आणि त्याचा खर्च सरफोजी भोसले (दुसरे) यांनी केला. एका हिंदू मराठा राजाने प्रॉटेस्टंट पाद्र्यासाठी लंडनहून स्मारक मागवावे, हीच मुळात विचार करायला लावणारी घटना आहे.

आधी दृश्य पाहा. पलंगावर श्वार्ट्झ मरणासन्न पडले आहेत. सरफोजी शेजारी आहेत, त्यांच्यामागे त्यांची माणसे. उशाशी गेरिके हे दुसरे मिशनरी उभे आहेत आणि जवळ शाळेतली मुले. पुस्तकांतून या चित्राचे वर्णन बहुधा ‘राजा आणि त्याचा गुरू’ असे येते. आता तारखा जुळवा. श्वार्ट्झ यांचा मृत्यू १३ फेब्रुवारी १७९८ रोजी झाला, तर सरफोजी गादीवर बसले त्याच वर्षी जूनमध्ये. म्हणजे पलंगाजवळचा तरुण त्या वेळी राजा नव्हता. गादीचा दावेदार होता. माझ्या मते शिल्पाचा खरा विषय या चार महिन्यांच्या अंतरात आहे.

थोडी पार्श्वभूमी सांगतो. डेन्मार्कच्या राजाने पाठवलेले पहिले प्रॉटेस्टंट मिशनरी १७०६ मध्ये तरंगमपाडीला उतरले. त्याच मिशनमध्ये १७५० साली श्वार्ट्झ आले. पुढे ते तिरुचिरापल्लीला गेले आणि १७७८ पासून तंजावरला राहिले. तमिळ त्यांना उत्तम येत होती, आणि दरबारासाठी ते मराठीही शिकले. १७७९ मध्ये मद्रासच्या इंग्रजांनी हैदर अलीकडे बोलणी करायला त्यांनाच पाठवले. धर्मप्रचारक आणि वकील (त्या काळच्या अर्थाने, म्हणजे दूत) या दोन भूमिका एकाच माणसात मिसळल्या त्या तेव्हापासून.

१७८७ मध्ये तुळजाजी महाराजांनी मृत्यूपूर्वी सरफोजींना दत्तक घेतले आणि श्वार्ट्झ यांना पालक होण्याची विनंती केली. त्यांनी नकार दिला व तुळजाजींचे बंधू अमरसिंह यांचे नाव सुचवले. पुढे पंडितांच्या मताचा आधार घेऊन कंपनीने दत्तकविधान अमान्य ठरवले आणि अमरसिंहांनाच राजा केले. सरफोजींचे हाल होऊ लागले तेव्हा त्यांची बाजू कंपनीपुढे मांडण्यात श्वार्ट्झ यांचाच मोठा वाटा होता. १७९३ मध्ये मुलाला मद्रासला हलवले. तेथे गेरिके यांनी त्याच्या शिक्षणाकडे पाहिले. दत्तकविधान शेवटी मान्य झाले, अमरसिंह पदच्युत झाले, आणि १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार कंपनीकडे गेला. सरफोजींच्या हाती उरला तो किल्ला आणि मान.

आता शिल्पाकडे परत या. त्यात कोण नाही? अमरसिंह नाहीत, पंडित नाहीत, कंपनीचा एकही अधिकारी नाही. गादी कशी मिळाली हा कज्जा पूर्ण पुसला गेला असून उरली आहे केवळ कृतज्ञता. ही कृतज्ञता खोटी होती असे मी म्हणत नाही. लहानपणी ज्याने वाचवले त्याच्याविषयी तसे वाटणारच. पण खऱ्या भावनेचाही राजकीय उपयोग होतो, आणि फ्लॅक्समनची कारागिरी इतकी शांत आहे की तो उपयोग नजरेतून सुटतो.

मिशनच्या चरित्रकारांनी हे दृश्य धर्माच्या प्रभावाचा पुरावा म्हणून वापरले. तो पुरावा कच्चा आहे. सरफोजी ख्रिस्ती झाले नाहीत. बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसले वंशाचा प्रदीर्घ मराठी शिलालेख त्यांनीच १८०३ मध्ये कोरवून घेतला. एका भिंतीवर कुळाचा वारसा, दुसऱ्या भिंतीवर गुरूचा. ज्याचा हक्क एकदा नाकारला गेला आहे, त्याला दोन्ही दाखले लागतात. हे दोन लेख शेजारी ठेवून वाचावेत. अभ्यासक्रमात मात्र एक ‘मराठी शिलालेख’ म्हणून येतो आणि दुसरा ‘मिशनरी कार्य’ म्हणून, याची मला नेहमी खंत वाटते.

आणि अमरसिंह? ते कुंभकोणमजवळ तिरुविडैमरुदूरला जाऊन राहिले, तेथेच १८०२ मध्ये वारले. त्यांच्यासाठी लंडनहून काही आले नाही. पण त्यांच्या शाखेची एक खूण तेथील महालिंगस्वामी मंदिरात आहे : हातात पणती धरलेली धातूची स्त्रीमूर्ती, तमिळमध्ये पावै विळक्कु. अम्मणी नावाच्या मराठा राजकन्येने या घराण्यातील प्रतापसिंहाशी विवाह व्हावा म्हणून लक्षदीपांचा नवस केला आणि तो फेडताना १८५३ मध्ये स्वतःच्याच रूपातला हा दिवा वाहिला. कुंभकोणमपासून थोड्याच अंतरावर नाचियार्कोविल् आहे. तेथील कम्माळर कारागीर आजही कावेरीकाठच्या मातीच्या साच्यात पितळी समया ओततात.

तंजावरला गेलात तर चर्च पाहून परत फिरू नका. बसने कुंभकोणम गाठा, तिरुविडैमरुदूरला त्या मूर्तीसमोर उभे राहा. संगमरवरातली माणसे एकमेकांकडे पाहतात. ही बाई देवाकडे पाहते, आणि तिच्या पायाशी तिचे नाव कोरलेले आहे.