मुकुट आणि गुलाब

राजाराणीच्या समारंभासाठी घडवलेल्या स्मृतिभांड्यांना कलेच्या दरबारात फारसा मान नाही. रसिक त्यांना बाजारू म्हणून नाक मुरडतात. संग्राहक साल आणि शिक्का पाहून मोल करतात. भांडे म्हणून त्यांच्याकडे पाहायचे दोघांच्याही मनात येत नाही. स्कॉटलंडच्या चिनी मातीच्या कामावर या उपेक्षेने विशेष अन्याय केला आहे.

चहाच्या किटलीचेच पाहा. बशी सपाट, किटलीचे पोट मात्र फुगीर, इकडे तोटी, तिकडे मूठ, वर झाकण. तांब्याच्या पत्र्यावर कोरलेले चित्र पातळ कागदावर उठवायचे आणि तो कागद भांड्यावर दाबायचा, ही एकोणिसाव्या शतकातली रूढ रीत. तिने स्मृतिभांडी स्वस्त केली, घरोघर नेली. पण फुगीर पोटावर कागद दुमडला की राणीच्या गालालाही घडी पडते!

म्हणून छापकाम हलके ठरवावे काय? तसेही नाही. ग्लासगोच्या बेल कंपनीने ब्रह्मदेश आणि पूर्वेकडील बेटांतल्या गिऱ्हाइकांसाठी याच रीतीने भांडी काढली. कित्येक नक्ष्यांना नावेही मलायी दिली. ज्याच्या ताटात ते भांडे जायचे त्याची आवड तिथे ओळखली होती. दोष रीतीचा नव्हे, बेपर्वाईचा.

दुसरी वाट फाइफमधील कर्कॉडीची. रॉबर्ट हेरनच्या फाइफ पॉटरीत १८८० नंतरच्या दशकात बोहेमियाचा चित्रकार कारेल नेकोला आला. त्याने तिथल्या मुलांच्या हाती कुंचला दिला, आणि ‘वीम्स’ भांड्यांवर टपोरे गुलाब, चेरी, कोंबडे उतरले. व्हिक्टोरिया राणीच्या १८९७ च्या हीरकमहोत्सवासाठी केलेले त्यांचे चषक पाहावेत. मुकुट आहे खरा. पण नजर ठरते ती फुलांवर. प्रसंग राणीचा, उत्सव मात्र कुंचल्याचा.

या सौंदर्याची किंमतही मोजावी लागली. रंग आत मुरावा म्हणून भांडे मंद आचेवर भाजत. त्यामुळे ते ठिसूळ राही, कडा चटकन उडत. रोजच्या चहाला असे भांडे कितपत पुरणार? टीकाकाराने गुलाबावर भुलून हे झाकू नये.

ज्या धंद्यात एके काळी, १७४८ साली निघालेल्या डेल्फ्टफील्ड कारखान्यात, जेम्स वॉटसारखा यंत्रज्ञ भागीदार झाला, तो विसाव्या शतकात ओसरला. फाइफ पॉटरी १९३० साली बंद पडली. वीम्सची नक्षी इंग्लंडात डेव्हनमधील बोव्ही ट्रेसीला गेली. तिथे नेकोलाचा मुलगा जोसेफ १९५२ साली मृत्यू येईपर्यंत रंगवीत राहिला.

स्मृतिभांड्यावर साल समारंभाचे असते, नाव राजाचे असते. ते भांडे आपल्याला ज्याची आठवण खरोखर देते, त्या रंगाऱ्याचे नाव मात्र बहुधा कुठेच नसते. भांडे हाती घेताना आधी त्याचा हात शोधावा. मुकुट मागाहून पाहिला तरी चालेल.