बौद्धांचे ‘बायबल’ : एका शब्दाची चिकित्सा

‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथास ‘बौद्धांचे बायबल’ म्हणण्याचा प्रघात आपल्याकडे रूढ आहे. ही कल्पना बाबासाहेबांचीच आहे. १९५० साली ‘महाबोधी’ नियतकालिकातील लेखात त्यांनी बौद्ध बायबलाची निकड प्रतिपादिली होती. परंतु त्यांना या शब्दातून काय अभिप्रेत होते, हे न पाहता तो उच्चारला, तर ग्रंथप्रामाण्याची जी बेडी त्यांनी तोडली, तीच आपण पुन्हा पायांत अडकवून घेऊ.

धर्मग्रंथास अधिकार कोठून प्राप्त होतो, या प्रश्नाची उत्तरे सर्व धर्मांत सारखी नाहीत. मीमांसकांच्या मते वेद अपौरुषेय आहेत. त्यांना मानवी तर नाहीच, ईश्वरी कर्ताही नाही. नैयायिक मात्र ईश्वरास वेदांचा कर्ता मानतात. इस्लामच्या श्रद्धेनुसार कुराण ही अल्लाहची वाणी असून ती सुमारे २३ वर्षांच्या काळात पैगंबरांवर अवतरली. पैगंबर तिचे वाहक, रचनाकार नव्हेत. ख्रिस्ती परंपरा बायबलचे लेखक मानवी मानते, पण त्यांची प्रेरणा ईश्वरी मानते. म्हणूनच आपण सर्व वृत्तांताचा कसून शोध घेतला आहे, असे लूक आपल्या शुभवर्तमानाच्या आरंभी सांगू शकतो. या परंपरांत अर्थनिर्णयाची मोठी शास्त्रे निर्माण झाली, हे नाकारता येणार नाही. तथापि ग्रंथाच्या अधिकाराचा उगम माणसाच्या अनुभवाबाहेर आहे, हे त्यांतील समान सूत्र होय. तो अधिकार समाजव्यवस्थेशी जोडला गेला की काय घडते, हे वेदश्रवणाचाही अधिकार नाकारलेल्या समाजास निराळे सांगावयास नको.

चंकीसुत्तात तथागत हेच मर्म उघड करतात. ‘हे मी स्वतः जाणतो, स्वतः पाहतो’ असे म्हणणारा एक तरी ब्राह्मण वा मंत्रकर्ता ऋषी आहे काय, असा त्यांचा प्रश्न आहे. उत्तर नकारार्थी येताच ते त्या परंपरेस एकमेकांस धरून चालणाऱ्या आंधळ्यांच्या रांगेची उपमा देतात. कालामसुत्तात तर पिटकांच्या आधारावर विसंबणेही अमान्य केले आहे.

चुल्लवग्गातील एक प्रसंग याहून बोलका आहे. राजगृहाची पहिली संगीती संपल्यावर पुराण नावाचे स्थविर तेथे आले. स्थविरांनी त्यांना संगीतीचे पठण स्वीकारण्यास सांगितले. पठण उत्तम झाले आहे, परंतु भगवंतांच्या मुखातून आपण जसे ऐकले तसेच आपण धारण करू, असे त्यांनी नम्रपणे सांगितले. ज्या संगीतीने धम्मविनय निश्चित केला, तिच्याच वृत्तांतात ही असहमती जतन झाली. ईश्वरी वाणीच्या कल्पनेत अशा स्थविरास स्थान मिळणे कठीण.

बौद्ध परंपरा पोथीपूजेपासून सर्वस्वी मुक्त राहिली, असे मात्र म्हणता येत नाही. महायानात प्रज्ञापारमितेच्या ग्रंथांची पूजा सुरू झाली. महापरिनिब्बाणसुत्तातील चार महापदेश ऐकलेले वचन सुत्त आणि विनय यांच्याशी ताडून पाहावयास सांगतात. तेथे ग्रंथ हीच कसोटी ठरते. पण ताडून पाहिल्यावाचून स्वीकारू नका आणि धिक्कारूही नका, हा त्यातील आदेश विसरता कामा नये.

आता ‘बायबल’ या शब्दाकडे वळू. बौद्ध वाङ्मय अफाट असल्यामुळे सामान्य माणसास जवळ बाळगता येईल असा एकच सुटसुटीत ग्रंथ हवा, ही बाबासाहेबांची अपेक्षा होती. हे साम्य ग्रंथाच्या उपयोगाचे आहे, उगमाचे नाही. १९५७ साली त्यांच्या निर्वाणानंतर प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथात मौखिक परंपरेत बुद्धवचनांचा विपर्यास कसा झाला, याची चर्चा आहे. जे बुद्धिसंगत आणि तर्कसंगत, तेच बुद्धवचन मानावे, अशी कसोटीही तेथे दिली आहे. प्रस्तावनेत तर गृहत्याग, चार आर्यसत्ये, कर्म व पुनर्जन्म आणि भिक्खू यांविषयी प्रश्न उपस्थित करून वाचकांस चर्चेचे आवाहन केले आहे. प्रश्नांनी आरंभ होणारा ग्रंथ केवळ पारायणासाठी असू शकत नाही.

वर्षावासात आपल्या विहारांतून या ग्रंथाचे वाचन होते, ही स्तुत्य गोष्ट आहे. त्या वाचनानंतर प्रश्नांसाठीही वेळ राखला जावा. कोणी उपासिका उठून ‘हे मला पटत नाही’ म्हणाली, तर तिला गप्प बसवू नये. ती पुराण स्थविरांच्याच वाटेने चालली आहे.